पेटीतला अभ्यास

कानाच्या दवाखान्यात तिला सगळे बटणताई म्हणायचे. हे नाव एका चिमुरड्या पेशंटनं ठेवलं आणि ते असं चिकटलं, की डॉक्टरांच्या तोंडीही तेच बसलं. त्याला कारणही तसंच होतं. अकरा वर्षं ती रोज पंधरा-वीस माणसांना तेच सांगत आली होती, "आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी दाबायचं. आणि घाबरायचं नाही हं, दार नुसतं लोटलेलं असतं."

हे दार म्हणजे पेटीचं दार. पेटी म्हणजे कान तपासायची खोली, कपाटापेक्षा मोठी आणि न्हाणीघरापेक्षा लहान. आतून भिंतींना जाड फोम, दार वीतभर जाडीचं, एका बाजूला दुहेरी काचेची खिडकी. पेशंटनं आत खुर्चीवर बसायचं, कानांना हेडफोन लावायचे. खिडकीपलीकडच्या मशीनवरून बटणताई आवाज सोडायची. पेशंटनं बटण दाबलं की मशीनवर मसुराच्या दाण्याएवढा लाल दिवा लागायचा. पेटीत बाहेरचा आवाज येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. एवढ्या मोठ्या शहरात इतकी शांत जागा दुसरी सापडली नसती.

आणि त्या पेटीत बटणताई अकरा वर्षांत फक्त एकदा बसली होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या, म्हाताऱ्या तंत्रज्ञानं गंमत म्हणून तिला आत बसवलं आणि दार लावलं. तीन मिनिटं झाली असतील. तेवढ्यात तिला स्वतःच्या रक्ताची सळसळ ऐकू आली, गिळलेला आवंढा ऐकू आला, आणि आत्ता आपण किंचाळलो तर कुणालाही कळणार नाही, हे लख्ख कळलं. बाहेर आली तेव्हा तो म्हातारा पोट धरून हसत होता. त्या दिवसापासून ती आतली खुर्चीसुद्धा दारात उभी राहून, हात लांबवून पुसायची. आणि दुसऱ्यांना मात्र खुशाल सांगायची, घाबरू नका!

असं सगळं बरं चाललं होतं, तोवर नियम आला. प्रमाणपत्र नसलेल्या माणसानं यापुढे कान तपासायचे नाहीत. प्रमाणपत्रासाठी परीक्षा, आणि परीक्षा तीनदाच देता येणार. बटणताई दोनदा बसली आणि दोन्ही वेळा नापास झाली. हाताला सगळं येत होतं. कुठला पेशंट खोटं बटण दाबतोय हे ती त्याच्या खांद्यावरून ओळखायची. पण प्रश्नपत्रिका हातात आली की अक्षरं मुंग्यांसारखी धावायला लागायची.

"ताई, मी तुम्हाला ठेवीन हो," डॉक्टर म्हणाले, "पण आरोग्य खातं ठेवू देणार नाही. या वेळी पास होऊन जा एकदाच्या." डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. रागावून बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

घरी अभ्यास होणं शक्य नव्हतं. खालच्या मजल्यावर फर्निचरचा कारखाना. सकाळी आठला करवत सुरू व्हायची, ती पाचला थांबायची. नवरा बस चालवायचा. पहाटेची पाळी संपवून दुपारी येऊन झोपायचा, आणि करवत जेवायला थांबली की त्याचं घोरणं सुरू व्हायचं. संध्याकाळी बारा वर्षांची लेक आईचा अभ्यास घ्यायला बसायची. लेक फार कडक. "आई, हे तुला कालच सांगितलं होतं," असं ती म्हणायची तेव्हा बटणताईचा चेहरा खरोखरच वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखा व्हायचा.

म्हणून तिनं शहरात शांत जागा शोधायला सुरुवात केली. वाचनालयात गेली, तर प्रत्येक टेबलावर पाण्याची बाटली. "काकू, जागा धरलीय," एक पोरगा मान वर न करता म्हणाला. बागेत गेली, तर बाकावरचं जोडपं तिच्याकडे असं बघायला लागलं, की जणू तीच चोरून भेटायला आलीय. एका मोठ्या इस्पितळात डोळ्यांच्या विभागाबाहेर चांगली शांतता होती. पण दर दोन मिनिटांनी नंबर पुकारायचे आणि आपला नंबर नसतानाही तिच्या काळजाचा ठोका चुकायचा. नवऱ्यानं डेपोत उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये बसवलं. तिथं दोन दिवस झकास गेले, तिसऱ्या दिवशी बस धुवायला नेली, हिच्यासकट.

सगळ्यात बरं निघालं ते जुन्या वस्तूंचं संग्रहालय. तिथं चिटपाखरू नसायचं. एका फुटक्या मडक्यासमोर बाक होता, तिथं ती सुटीच्या दिवशी पुस्तक घेऊन बसायची. तिसऱ्या वेळी पहारेकरी जवळ आला. "बाई, या मडक्यावर पुस्तक लिहिताय का?" त्यानं अगदी आदरानं विचारलं. ती इतकी ओशाळली, की पुन्हा तिथं गेली नाही.

परीक्षेला दहा दिवस राहिले. जेवण जाईना. नोकरी गेली तर आपल्याला दुसरं काय येतं, हा विचार बसमध्ये, स्वयंपाकात, डोक्यावर पाणी घेताना, कुठंही येऊन मानेवर बसायचा. बेचाळिसाव्या वर्षी कोण नवं काम शिकवणार?

पेटी सुचवली मावशींनी. मावशी म्हणजे दवाखान्यात झाडलोट करणारी बाई, साठीला टेकलेली, काटक. "एवढं शहर पालथं घालतेस, पोरी," ती म्हणाली, "आणि ती पेटी गुरुवारी रिकामीच पडलेली असते की." गुरुवारी दवाखाना बंद. त्या दिवशी सकाळी फक्त मावशी यायची, सगळं धुऊन-पुसून बाराला जायची.

मावशीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती फक्त बटणताईलाच ठाऊक होती. मावशीला कमी ऐकू यायचं. कमी म्हणजे फारच कमी. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी बटणताईनं तिला पेटीत बसवून तपासलं होतं आणि आलेखाची रेघ पार खाली उतरलेली पाहिली होती. "डॉक्टरांना सांगू नकोस," मावशीनं हात धरून विनवलं होतं. "कानाच्या दवाखान्यात बहिरी बाई कोण ठेवेल?" तो आलेख बटणताईच्या ड्रॉवरमध्ये तळाशी पडून होता. मावशी समोरच्याच्या ओठांवर डोळे ठेवून सगळं निभावून न्यायची. कडी बसल्याचा खट्ट आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून निघताना प्रत्येक दाराला, कपाटालासुद्धा, तळहात लावून दाबून बघायची. डॉक्टर थट्टेनं म्हणायचे, "मावशी दारांना आशीर्वाद देऊन घरी जातात."

तर पुढच्या गुरुवारी बटणताई मनाचा हिय्या करून पेटीत शिरली. दारात चप्पल अडकवून ठेवली, म्हणजे दार मिटायला नको. खुर्चीवर बसवेना, काच समोर आली की ते तीन मिनिटांचं दडपण परत यायचं. म्हणून खिडकीखाली जमिनीवर बसली. चपलेच्या फटीतून थोडा आवाज यायचा, पण अभ्यास झाला. खरंच झाला. बाराच्या आधी बाहेर आली तेव्हा मावशीनं विचारलं, "खाल्लं का पेटीनं?" दोघी हसल्या.

परीक्षा नेमकी त्याच्या पुढच्या गुरुवारी, दुपारी दोनला. "त्या दिवशी मी येत नाही, घरूनच जाईन," असं तिनं मावशीला सांगून ठेवलं होतं. पण त्या सकाळी करवतीनं डोकं उठवलं, एकही ओळ डोक्यात शिरेना, आणि नऊ वाजता ती आपली किल्ली घेऊन दवाखान्यात हजर झाली. दोन तास उजळणी करायची आणि साडेअकराला निघायचं, असं ठरवून. पिशवी आणि फोन तिनं मशीनच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. पेटीत फोन न्यायचा नाही, हा नियम तिनंच केलेला. मशीन आणि पेटीतला दिवा-पंखा एकाच बटणावर होते, ते लावलं. चप्पल दारात अडकवली आणि खाली बसली.

साडेनऊला समोरच्या रस्त्यावर खोदकाम सुरू झालं. यंत्र असं धडधडायला लागलं, की फटीतून नुसता तोच आवाज आत येत होता. तिनं पुस्तक मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. मग उठली. आज एवढी परीक्षा द्यायची आणि एका दाराला घाबरायचं, असं स्वतःलाच दटावलं. चप्पल आत ओढून घेतली आणि दार लोटलं. धडधड एकदम नाहीशी झाली. तिनं पुस्तक उघडलं. आणि काय सांगावं, पाठ व्हायला लागलं! पानं उलटत गेली, उलटत गेली, आणि भीती आहे हेसुद्धा विसरली.

तहान लागली म्हणून तिनं घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. उठून दार ढकललं. दार हललं नाही.

पुन्हा ढकललं. मग खांदा लावला. मग दोन्ही हात लावून, दात खाऊन ढकललं, आणि तेव्हा तिला आठवलं. दार बिजागरीतून उतरलं होतं, कधीकधी आपोआप उघडायचं आणि बाहेर थांबलेल्या पेशंटच्या पायाला लागायचं, म्हणून पेटी रिकामी असताना घालायला सहा महिन्यांपूर्वी बाहेरून कडी बसवून घेतली होती. कडी बसवा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागली होती तीच. मावशीनं येऊन दार लोटलेलं पाहिलं असणार, दारात चप्पल नाही, म्हणजे आत कुणी नाही, आणि घातली कडी. ती कडी घातल्याचा आवाज हिला आत आला नव्हता. यायचाच नाही, पेटी त्यासाठीच बांधलेली.

ती खिडकीकडे धावली. काचेपलीकडे पडदा होता, काल संध्याकाळी तिनंच सोडलेला. खाली दोन बोटांची फट होती. तिथं गाल टेकवून पाहिलं तर मावशीचे पाय दिसले. ओली फरशी, बादली, पुसणी आणि मावशीचे पाय. बटणताईनं काचेवर मुठी आपटल्या. "मावशी! मावशी! ए मावशी!" पाय शांतपणे मागे मागे सरकत फरशी पुसत राहिले. तिथं चांगल्या कानांचा माणूस असता तरी त्याला काही ऐकू आलं नसतं. हे तिला ठाऊक होतं, तरी ती घसा फाटेपर्यंत ओरडली.

मग तिला बटण आठवलं. खुर्चीला लटकलेलं पेशंटचं बटण. तिनं ते दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. बाहेर मशीनवर लाल दिवा उघडझाप करत असणार. तिनं फटीतून पाहिलं. पाय थांबले. वळले. टेबलाजवळ आले आणि उभे राहिले. बटणताईचा जीव डोळ्यांत गोळा झाला. बघ गं बाई, बघ, पडदा वर कर! पाय बराच वेळ उभे होते. मग भिंतीकडे गेले, आणि पेटीतला दिवा विझला. पंखा गरगरत थांबला.

मशीन चालू राहिलं वाटतं, असं समजून मावशीनं बटण बंद केलं होतं. वीज वाया घालवू नका, हेही तिला बटणताईनंच शिकवलेलं.

अंधारात ती मटकन खाली बसली. पेटीतली हवा संपत नाही, छताला जाळी असते, हे पुस्तकात होतं, पान चौदा. ते तिला पाठ होतं आणि तरीही छातीत हवा पुरेना. रक्ताची सळसळ सुरू झाली. अकरा वर्षं जणू ती तिथंच दबा धरून बसली होती. बाराला मावशी जाणार. मग उद्या सकाळी नऊपर्यंत इथं कुणी येणार नाही. नवऱ्याला वाटणार ही परीक्षेला गेली, लेकीला वाटणार आई पेपर लिहितेय, आणि दोन वाजता तिथं एक बाक रिकामा राहणार. तिसऱ्यांदा. शेवटचा. ती लहान मुलीसारखी रडली, मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. इथं कोण ऐकणार होतं?

फटीतून येणाऱ्या उजेडात तिनं घड्याळ धरलं. अकरा पस्तीस. मावशीचे पाय आता दिसत नव्हते. बादलीही नव्हती. म्हणजे आता आवराआवर, आणि मग...

आणि मग मावशी दारांना हात लावेल!

पेटीच्या दारालाही लावेल. रोज लावते. पण कधी लावेल, ते आतून कळणार नव्हतं. एकदाच लावेल, क्षणभर लावेल, आणि त्या क्षणी दार हललं पाहिजे. बटणताईनं अंधारात दार चाचपलं. सगळीकडे फोम, मऊ, कितीही मारा, सगळं पिऊन टाकणारा. फक्त दाराच्या मुठीभोवती ताटलीएवढा उघडा पत्रा होता. तिनं चप्पल उचलली, टाच पुढे धरली आणि त्या पत्र्यावर हाणायला लागली.

दहा-बारा तडाख्यांतच हात भरून आला. थांबले आणि नेमका तेव्हाच मावशीनं हात लावला तर? या भीतीनं तिनं थांबायचंच नाही असं ठरवलं. ठेका हवा म्हणून तोंडानं पाठ म्हणायला लागली. "दोनशे पन्नास," ठाण्. "पाचशे," ठाण्. "हजार. दोन हजार. चार हजार. आठ हजार." पुन्हा पहिल्यापासून. मशीनवरच्या आवाजांचे ते आकडे संपले की कानाच्या हाडांची नावं, ती संपली की मशीनची काळजी, प्रत्येक शब्दाला एक तडाखा. चप्पल या हातातून त्या हातात. उजव्या तळहाताची कातडी सोलवटली. डोळ्यांतून पाणी चाललंच होतं, पण शब्द चुकत नव्हते. मागच्या दोन्ही वेळी जे उत्तर अर्ध्यावर अडकलं होतं, ते ती अंधारात पुरं बोलून गेली आणि तिच्या लक्षातही आलं नाही.

चौथ्यांदा "चार हजार" म्हणताना दार उघडलं. उजेड आणि रस्त्यावरची धडधड एकदम अंगावर आली. समोर मावशी, एक हात अजून दारावर, चेहरा पांढराफटक.

"हाताला जाणवलं," मावशी पुटपुटली. "दार थरथरत होतं. मला वाटलं आत जनावर शिरलं." मग तिनं खाली पाहिलं, पुस्तक, चप्पल, रक्ताळलेला हात. "तू ओरडत होतीस? किती वेळ ओरडत होतीस, पोरी?"

बटणताई चौकट धरून बाहेर आली.

"तासभर मी इथंच होते," मावशी म्हणाली, आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. "माझ्या या कानांनी घात केला असता. तू गेली असतीस आत. सांग तू डॉक्टरांना. सांगूनच टाक."

बटणताईनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "मावशी, माझ्याकडे बघा. कुणालाच ऐकू आलं नसतं. डॉक्टर इथं उभे असते ना, त्यांनासुद्धा नाही. आणि त्यांनी दाराला हात लावला नसता."

"मन राखतेस माझं."

"नाही हो."

मावशीनं काही ते खरं मानलं नाही. तिनं पदर फाडून हात बांधला, पाणी पाजलं आणि पाठीवर थाप मारली. "जा आधी. बारा वाजले."

केंद्र एका शाळेत होतं, तिसऱ्या मजल्यावर. ती पोचली तेव्हा पंधरा मिनिटं शिल्लक होती. शेजारच्या मैदानात पोरांचे सामने चालले होते, शिट्ट्या, आरडाओरडा. पेपर वाटले गेले. मग पर्यवेक्षक दाराकडे गेले, दार ओढलं आणि कडी घातली. वर्ग शांत झाला.

अक्षरं हलायला लागली, अगदी मागच्यासारखी. तिनं पेन खाली ठेवलं. मग उभी राहिली.

"सर, दार उघडं ठेवाल?"

"बाहेर केवढा गोंगाट आहे, बाई. सगळ्यांना त्रास होईल."

"मग मला बाहेर बसवा," ती म्हणाली. "मी बंद दाराआड लिहू शकत नाही. मला भीती वाटते."

एवढ्या माणसांत हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. दोघं-तिघं हसले. पर्यवेक्षकांनी तिच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, काहीतरी विचार केला आणि तिचा बाक ओढून बरोबर दारात लावला. दारातून, जिन्यातून, मैदानातून सगळा गलका तिच्या कानांवर आदळत होता. महिनाभर ज्यापासून पळत तिनं शहर पालथं घातलं होतं, तोच. बटणताईनं दुसरा प्रश्न वाचला. आकडे चढत्या क्रमानं लिहा. सोलवटलेल्या हातानं तिनं लिहिलं, दोनशे पन्नास, पाचशे, हजार.

ती पास झाली. फार गुण नाहीत, काठावरून चार-पाच वर. लेकीनं गुणपत्रिका दोनदा तपासली आणि मगच मिठी मारली. प्रमाणपत्र दवाखान्यात मशीनच्या वर लागलं, आणि त्याच दिवशी बटणताईनं स्क्रूड्रायव्हर आणून पेटीची कडी काढून टाकली. आता दार आपोआप उघडलं की ती स्वतः उठून लोटते. पेशंटला घाबरायचं नाही असं ती हल्ली म्हणत नाही. "भीती वाटली तर बटण दाबा, मी लगेच येते," असं म्हणते.

मावशी रोज निघताना अजूनही दारांना हात लावते. पेटीपाशी आली की मात्र नुसता हात लावून भागत नाही. दार उघडते, दिवा लावते, खाली वाकून खुर्चीमागे, खिडकीखाली, कोपऱ्यात बघते. मग लोटते, आणि दोन पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा बघते.

परवा डॉक्टर लवकर निघाले होते. मावशी पेटीत वाकलेली, तिची पाठ त्यांच्याकडे. "काय मावशी, काय हरवलंय आत?" त्यांनी विचारलं. मावशी तशीच वाकून कोपरा बघत राहिली. "मावशी?" डॉक्टर थोडं मोठ्यानं म्हणाले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

बटणताई मशीनवरून उठली. आलेख ड्रॉवरच्या तळाशी होता, आणि आता तर तिच्या सहीला किंमत होती, म्हणजे तो लपवल्याचा दोषही तिचाच.

"मीच हरवले होते, डॉक्टर," ती घाईघाईनं म्हणाली, आणि मावशीच्या खांद्याला हात लावून, तिला आपले ओठ दिसतील अशी पेटीच्या दारात उभी राहिली.